अक्षर पुन्हा हाती घेताना

मागच्या जूनमध्ये अभ्यासिकेत बसणारा एक मुलगा माझ्याकडे आला. चार वर्षं राज्यसेवेची तयारी चाललेली, आणि सगळ्या नोट्स मोबाईलमध्ये. मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आणि आता तीन-तीन तास हातानं लिहायचं, या विचारानं त्याची झोप उडाली होती. "मॅडम, दोन महिन्यांत अक्षर सुधारून द्या," म्हणाला. मी त्याला एक पान लिहायला दिलं. अर्ध्या पानावरच पेन खाली ठेवून तो बोटं चोळायला लागला.

पान बघितलं तर त्याचा क नीट होता, म नीट होता, वेलांट्याही ठीक. पण कुठे दोन शब्दांत बोटभर फट, तर कुठे शब्दाला शब्द चिकटलेला. ओळ डावीकडे रेघेवर सुरू व्हायची आणि उजवीकडे पोचेपर्यंत अर्धा सेंटीमीटर वर चढायची. मी त्याच्या हातात फूटपट्टी दिली आणि दहा फटी मोजायला लावल्या. दोन मिलीमीटर, नऊ, चार, एक, अकरा. मोजतामोजताच त्याला कळलं.

माझे मामा यंत्रमागावर होते. ते म्हणायचे, ताण्याचा एक धागा फणीतल्या चुकीच्या फटीतून गेला, की पूर्ण चादरभर रेघ उमटते. मग रंग कितीही चांगला असू दे. अक्षराचंही तेच आहे. बहुतेकांचं अक्षर वाईट नसतं, फटी वाईट असतात. आणि फटी सुधारायला हात कलावंताचा लागत नाही, म्हणून ही गोष्ट कुणालाही जमते. पंधरा वर्षं टाइप करत आलेल्या माणसालासुद्धा.

आधी हे ठरवा

हस्ताक्षर आणि सुलेखन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हस्ताक्षर म्हणजे रोजचं लिहिणं: उत्तरपत्रिका, अर्ज, चिठ्ठी, डायरी. ते सुवाच्य हवं आणि वेगानं यायला हवं. सुलेखनात वेगाला जागा नाही. तिथे एक शब्द काढायला अर्धा तास गेला तरी चालतो, आणि अक्षराचं रूप हाच विषय असतो. आधी महिना-दोन महिने हस्ताक्षरावर काढा आणि मग बोरू, म्हणजे काडी तासून केलेली शाईची लेखणी, हातात घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. थेट सुलेखनाकडे गेलेली माणसं एक देखणा "श्री" काढायला शिकतात आणि पोस्टकार्डावरचा पत्ता पुन्हा पहिल्यासारखाच गिचमीड लिहितात.

हा खटाटोप कशाला, असं घरातले विचारतील. माझ्या घरी आईनं लिहिलेली शेंगाचटणीची एक चिठ्ठी आहे. तेलाचा डाग पडून कागद पारदर्शक झालाय, आणि त्या डागाच्या मधोमध "लसूण मागून घालणे" हे शब्द आहेत. "मागून" खाली तिनं दोनदा रेघ ओढली आहे, दुसरी रेघ जास्त दाबून. तीच कृती मी फोनमध्ये टाइप करूनही ठेवली आहे, पण तिथे ती दुसरी रेघ येत नाही.

आणि अभ्यास करणाऱ्यांसाठी आणखी एक सांगते. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या विद्यापीठातला एक प्रयोग २०२४ साली प्रसिद्ध झाला. ३६ विद्यार्थ्यांच्या डोक्यावर संवेदक बसवून त्यांना शब्द लिहायला आणि टाइप करायला लावले. हातानं लिहिताना मेंदूच्या वेगवेगळ्या भागांतली देवाणघेवाण टाइप करतानापेक्षा कितीतरी जास्त दिसली. मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते: ती मुलं कागदावर लिहीत नव्हती, पडद्यावर डिजिटल पेननं लिहीत होती. म्हणजे टॅबलेट वापरणाऱ्यांनी तो टाकून द्यायची गरज नाही. हात अक्षराचा आकार काढतोय ना, एवढंच बघा.

आपलंच पान वाचा

पहिल्या दिवशी काहीही सुधारू नका. रेघा नसलेल्या कागदावर नेहमीच्या वेगानं दहा ओळी लिहा, वर तारीख टाका. मग पान उलटं धरा, डोकं खाली. अक्षरं वाचता येईनाशी झाली की फटी आणि उंची एकदम दिसायला लागतात. लाल पेनानं तीन गोष्टींवर खुणा करा: चढलेल्या किंवा उतरलेल्या ओळी, वाकडे काने, आणि कमीजास्त फटी. ज्याच्या खुणा सगळ्यात जास्त, तिथून सुरुवात. तिन्ही एकदम धरायला जाऊ नका.

सामान

फार खर्च करू नका. पेन असं घ्या की कागदावर नुसतं टेकवलं तरी उमटेल. सगळ्यात स्वस्त बॉलपेन दाबून लिहावं लागतं आणि बोटं त्यानंच दुखतात. जेल पेन चालेल. शाईचं पेन मला सगळ्यात आवडतं, कारण ते दाबलेलं खपवूनच घेत नाही. फक्त त्यात पाण्यानं न जाणारी ड्रॉइंगची शाई भरू नका. ती आत वाळते आणि पेन कायमचं बसतं.

आमच्या सोलापुरात नवी पेठेतल्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात वही घेताना एका कोपऱ्यात शाईचा ठिपका टेकवून बघायची परवानगी मागा. ठिपक्याला केसासारखे पाय फुटले तर ती वही नको. सरावाला दुरेघी वही उत्तम, पण मला स्वतःला आलेखाचा कागद जास्त मानवला. मागावर विणायच्या जेकार्ड नक्षीसाठी चौकटीचे कागद भरणारे एक काका शेजारी राहायचे. त्यांचे उरलेले तुकडे मी मागून आणायची. चौकटीवर लिहिलं की फट मोजावी लागत नाही, ती दिसतेच.

बसणं आणि पकड

दोन्ही पाय जमिनीवर, कोपर टेबलावर, आणि दुसऱ्या हातानं कागद धरलेला. मांडी घालून बसणार असाल तर उतरतं डेस्क घ्या. दिवाणजी लोक त्यावर दिवसभर हिशेब लिहायचे, आणि मान न वाकवता लिहायचे. पेन अंगठा आणि तर्जनीनं धरायचं, मधल्या बोटावर टेकवायचं. पकड घट्ट आहे का हे तपासायचा सोपा उपाय: लिहीत असताना कुणाला तरी वरच्या टोकाला धरून पेन ओढायला सांगा. सहज निसटलं पाहिजे. त्या अभ्यासिकेतल्या मुलाचं पेन ओढलं तेव्हा त्याचा हातच बरोबर आला होता.

डावखुऱ्यांनी कागदाचा वरचा भाग उजवीकडे कलवावा आणि हात ओळीच्या खाली ठेवावा, म्हणजे लिहिलेलं पुसलं जात नाही. शिरोरेषा उजवीकडून डावीकडे ओढली तरी चालते. कुणी चूक म्हणालं तर ऐकू नका.

रेघा, मग ग म भ न

पहिले चार-पाच दिवस अक्षर काढायचं नाही. उभी रेघ, आडवी रेघ, दोन्ही बाजूंच्या तिरक्या, डावा अर्धगोल, उजवा अर्धगोल, पूर्ण गोल आणि गाठ. देवनागरीचं सगळं घर एवढ्या सामानावर उभं आहे. उभी रेघ वरून खाली, श्वास सोडत ओढा. हसू येईल, पण हात थरथरायचा थांबतो.

मग अक्षरं. क ख ग घ या क्रमानं नको. तो क्रम उच्चाराचा आहे, हाताचा नाही. बालवाडीच्या पाटीवर ग म भ न आधी यायचे, त्यामागे शहाणपण होतं: चारही अक्षरांना उजवीकडे सरळ काना आहे, तो एकदा बसला की चारांचं निम्मं काम झालं. त्यानंतर व ब क, मग प ष फ ण, मग गोल पोटाचे ट ठ ढ द, मग र स ख. इ, ई, झ, क्ष, ज्ञ शेवटी ठेवा.

एकच अक्षर पानभर गिरवू नका. पहिली ओळ डोळे उघडे ठेवून येते, पाचव्या ओळीला हात झोपेत चालतो आणि चूकच पक्की होते. चार वेळा काढा, थांबा, त्यातलं सगळ्यात चांगलं कोणतं त्याला टिंब करा, आणि ते का चांगलं आहे हे स्वतःला शब्दांत सांगा. मग पुन्हा चार. वीस मिनिटं रोज. रविवारी दोन तास बसून आठवड्याची भरपाई होत नाही.

इथे फोनमुळे झालेला एक घोटाळा सांगायलाच हवा. फोनवरचे बरेच फाँट हिंदी वळणाचे ल आणि श दाखवतात, आणि मुलं तेच बघून लिहायला लागली आहेत. मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श, असं राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयात ठरवून दिलेलं आहे. बालभारतीचं पहिलीचं पुस्तक समोर ठेवा आणि त्यातून ही दोन अक्षरं उतरवा. तसंच "दऱ्या" आणि "दर्या". डोंगरातल्या दऱ्या वेगळ्या आणि समुद्राचा दर्या वेगळा. टाइप करताना तो आडवा र सापडत नाही म्हणून लोक रफारावर भागवतात. हाताला मात्र कीबोर्डमध्ये शोधावं लागत नाही.

शिरोरेषा द्यावी का?

वर्गात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. मोठेपणी बहुतेक जण ती सोडून देतात, वेळ वाचतो म्हणून. पण भ आणि म, ध आणि घ, थ आणि य यांच्यातला पटकन दिसणारा फरक शिरोरेषेत आहे: भ, ध, थ यांच्या डोक्यावर ती तुटते, म, घ, य यांच्यावर सलग जाते. रेघच नसेल तर तपासणाऱ्याला "धन" की "घन" हे अंदाजानं ठरवावं लागतं. माझा सल्ला असा: शब्द पूर्ण लिहा, मग एका झटक्यात शिरोरेषा ओढा, आणि भ, ध, थपाशी पेन उचला. अक्षरागणिक रेघ देत बसलात तर वेग मरतो आणि डोकी पायऱ्यांसारखी दिसतात.

फट

आता मुख्य काम. दोन अक्षरांत फट अगदी कमी, दोन शब्दांत फट एका व एवढी, हा माझा नियम. पहिला आठवडा दोन शब्दांच्या मध्ये खरोखर पेन्सिलीनं फिकट व काढा आणि नंतर खोडा. आठ-दहा दिवसांत डोळा स्वतःच तो व बघायला लागतो. त्या मुलाला मी हेच दिलं. पंधराव्या दिवशी त्याच्या फटी चार ते सहा मिलीमीटरच्या आत आल्या, आणि अक्षराचा एकही आकार मी बदलला नव्हता.

ओळींचं अंतर लोक विसरतात. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेवर आहे. समर्थांनी त्यात बारीकसारीक सगळं सांगितलंय: ओळीला ओळ लागू नये, वरच्या ओळीतल्या लांब अक्षराचा खालच्या ओळीला स्पर्श होऊ नये, आणि पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत सगळं एकाच टाकानं लिहिल्यासारखं दिसावं. रेघा नसलेल्या कागदावर लिहिणाऱ्यांनी तो समास वहीत उतरवून काढावा. सरावही होतो आणि सूचनाही डोक्यात बसतात. वरच्या ओळीतला "कू" आणि खालच्या ओळीतला "कौ" एकमेकांत अडकले, की पान दाट दिसतं. तेवढं सांभाळलं तरी निम्मं काम होतं.

पानाची मांडणी मी आमच्या पेठेतल्या एका पेंटरकाकांकडून शिकले. फ्लेक्स येण्याआधी त्यांच्या हातचे बोर्ड दुकानादुकानांवर होते. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू, जे गिऱ्हाईक मागेल ते. बोर्ड आला की ते आधी खडू चोळलेला दोरा दोन टोकांना ताणून धरायचे आणि मधून टिचकी मारायचे. एक सरळ पांढरी रेघ उमटायची. मग नावातली अक्षरं मोजायची, मधलं अक्षर कोणतं ते काढायचं आणि ते बोर्डाच्या मधोमध आधी रेखायचं. कडेला जागा संपली म्हणून शेवटचं अक्षर चेपलंय, असं त्यांच्या बोर्डावर मी कधी पाहिलं नाही. शीर्षक लिहिताना, पाकिटावर पत्ता लिहिताना हेच करा.

वेग

नीटनेटकेपणा बसल्यावरच. फोनवर पाच मिनिटांचा टायमर लावा, ओळखीचा मजकूर लिहा, शब्द मोजा. दर आठवड्याला एकदा. शब्द वाढले आणि फटी बिघडल्या तर पुन्हा हळू. दर रविवारी पानाचा फोटो काढून एकाच अल्बममध्ये ठेवा. फोनचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

बोरू

आता ज्यांना पुढे जायचंय त्यांच्यासाठी. तोवर हात उतावीळ झाला असेल तर आइस्क्रीमची चपटी काडी घ्या, टोक तिरकं कापा, शाईत बुडवा आणि सुरू करा. पण एकदा तरी बोरू स्वतः कापा. पेन्सिलीएवढा जाड, पूर्ण वाळलेला बोरू वीतभर घ्यायचा. धारदार चाकूनं एका बाजूला अंगठ्याच्या पेराएवढा उतार द्यायचा, आतला भुसभुशीत गर खरवडायचा. टोकाला मधोमध लहानशी चीर द्यायची, शाई तिच्यातूनच उतरते. मग टोक कडक पाटावर ठेवून चाकू एकदाच दाबायचा, तिरका. "टक" असा कोरडा आवाज आला की काप नीट बसला. चिरडल्यासारखा वाटला तर पुन्हा.

काप बरोबर आहे का, ते दोन रेघांत कळतं. डावीकडून खालून उजवीकडे वर जाणारी रेघ सगळ्यात जाड आली पाहिजे, आणि डावीकडून वरून उजवीकडे खाली येणारी केसासारखी बारीक. इंग्रजी कॅलिग्राफीच्या पेनाचं याच्या उलट असतं, म्हणून ती पेनं आणून देवनागरी काढणाऱ्यांचं अक्षर परकं दिसतं. कोन ४५ अंशांचा धरला तर काना आणि शिरोरेषा दोन्ही सारख्या जाडीच्या येतात: टोक ५ मिलीमीटर रुंद असेल तर साधारण साडेतीन. शब्द काढताना हात फिरवायचा, बोटांत बोरू फिरवायचा नाही. सुरुवातीला अक्षराची उंची टोकाच्या रुंदीच्या पाच-सहापट ठेवा.

आपल्या हवेचा एक त्रास आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, शाई बोरूच्या टोकावरच वाळते आणि शब्दाच्या मध्येच रेघ कोरडी पडते. पहाटे बसा, पंखा अंगावर घेऊ नका, दौतीला झाकण ठेवा, आणि शाईत अधूनमधून पाण्याचे दोन थेंब टाका. लिहून झालं की बोरू लगेच धुवून आडवा ठेवा.

संगणक आणि बोरू यांची भांडणं लावायची गरज नाही. विंडोजवर मराठी लिहिणाऱ्या पिढीनं जो "मंगल" फाँट पाहिला, तो र. कृ. जोशी यांनी घडवला, आणि ते सुलेखनकार होते. पडद्यावरच्या त्या अक्षरांमागेही हात होता.

कुडलची फेरी

महिनाभर सराव झाला की एक दिवस काढून दक्षिण सोलापुरातल्या हत्तरसंग-कुडलला जा. भीमा आणि सीना जिथे मिळतात तिथलं संगमेश्वराचं देऊळ. तिथला शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा लेख मराठीतल्या सगळ्यात जुन्या शिलालेखांपैकी आहे. तो उजेडात आणला सोलापूरच्याच आनंद कुंभार यांनी, ज्यांनी शिलालेख शोधत जिल्हा पालथा घातला. हा लेख जो वाचील तो विजयी होईल, अशा अर्थाचं त्याचं मराठी वाक्य आहे.

मी त्या मुलाला घेऊन गेले होते. त्यानं दगडाला तोंड लावल्यासारखा चेहरा जवळ नेला, तरी काही उमगेना. समोरून टॉर्च मारला तर अक्षरं सपाट होऊन नाहीशीच होतात. मग मी फोनचा टॉर्च दगडाला चिकटवून बाजूनं धरला. प्रत्येक खाचेत सावली भरली आणि ओळ उठून आली. तो बराच वेळ बघत राहिला. "मॅडम, फटी बघा," एवढंच म्हणाला, आणि वही काढून खाली बसला.

जाताना पेन्सिल, रेघा नसलेला कागद आणि चार्ज केलेला फोन न्या. अक्षरांवर खडू घासू नका, पाणी ओतू नका, बोट फिरवायचं ते हवेतच फिरवा. एकानं बाजूनं उजेड धरावा, दुसऱ्यानं उतरवावं.